अभिजात कोणाला म्हणायचे?

वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात गेल्या डिसेंबरात मी एक अरंगेत्रम पाहिले. भरतनाट्यम शिकणारी मुलगी गुरूच्या अनुमतीने पहिल्यांदा एकटी पूर्ण कार्यक्रम करते, त्याला हे नाव आहे. मुलगी माझी विद्यार्थिनी. घणसोलीत राहणारी, बौद्ध कुटुंबातली. वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात कामाला. सभागृहाचे भाडे, मद्रासकडून आलेले वादक, रेशमी पोशाख, दागिने, जेवण हे सगळे लाखांत जाते. त्यासाठी त्यांनी पतपेढीचे कर्ज काढले होते. निमंत्रण देताना ती दोनदा म्हणाली, "मॅडम, नक्की या. आमच्याकडचं कोणी फारसं येणार नाही."

माझी आईही आली नाही. "नाचगाणं बघायला मी जात नाही, तू जा," एवढे बोलून ती स्वयंपाकघरात गेली. आमच्या घरात हा विषय बंद आहे, आणि तो का बंद आहे हे मला तिशी उलटल्यावर समजले. माझ्या आजीची धाकटी बहीण जुन्नरकडच्या एका ढोलकीफडात नाचायला होती. १९५६ नंतर घरातले देव गेले, तसा तिचा उल्लेखही गेला. माझ्या पिढीतल्या कोणाला तिचे नाव ठाऊक नाही. आईला ठाऊक आहे, पण ती सांगत नाही. आईवर मी रागावू शकत नाही. ज्या समाजातल्या बायकांकडे पिढ्यान्पिढ्या 'नाचणारी' म्हणूनच पाहिले गेले, त्या समाजातल्या एका बाईने आपल्या मुलीला पदवीधर केले आणि नाचाकडे पाठ फिरवली, तर त्यात चुकले कुठे? या लेखात मी जे म्हणणार आहे ते आईच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकते.

कार्यक्रमाला निवेदिका होती. दोन हजार वर्षांची परंपरा, मंदिरात जन्मलेली कला, देवाला वाहिलेले पवित्र नृत्य, ही विधाने तिने इतक्या वेळा केली की शेजारचे गृहस्थ मान डोलावत ती तोंडातल्या तोंडात म्हणू लागले. मंदिरात कोण नाचत होते, हे मात्र अडीच तासांत एकदाही उच्चारले गेले नाही. कला मंदिरात जन्मली, तर ती तिथे कोणाच्या तरी पायांत जन्मली असणार. त्या पायांना नाव होते, जात होती. 'देवदासी' हा शब्द त्या संध्याकाळी सभागृहाबाहेर चपलांसारखा ठेवला होता.

मुलगी चांगली नाचली. अलारिपूत ती थोडी घाबरलेली होती, पण अर्धी बैठक शेवटपर्यंत सुटली नाही. वर्णम हा या कार्यक्रमाचा कणा. त्यात मध्यावर तिचा दम लागला, तरी ताल तिने हातचा जाऊ दिला नाही. खरे पाहण्यासारखे होते ते पदम. एकच ओळ गायिका पुन्हापुन्हा गात होती आणि मुलगी दर खेपेला तिचा निराळा अर्थ काढत होती: एकदा तक्रार, एकदा जुनी आठवण, मग संशय, मग स्वतःवरचेच हसू. शब्द तेच, अर्थ मात्र डोळ्यांतून आणि मनगटातून बदलत गेला. मागच्या रांगेतून कोणी म्हणाले, "किती सात्त्विक!"

मला त्या क्षणी यमुनाबाई वाईकर आठवल्या. त्यांची बैठकीची लावणी मी ध्वनिचित्रफितीवरच पाहिली आहे. बाई बसलेली असते. उठायचे नाही, फिरायचे नाही. पदर, बोटे, भुवई आणि आवाज एवढेच भांडवल. एक ओळ घ्यायची आणि ती दहा प्रकारे दाखवायची. फडाच्या भाषेत त्याला अदा म्हणतात. भरतनाट्यमच्या पुस्तकात यालाच अभिनय, संचारी वगैरे म्हटले आहे. दोन्हींत फरक नाही असे माझे म्हणणे नाही. भरतनाट्यमची अडवूंची बांधणी, हस्तमुद्रांचा कोश आणि वर्षानुवर्षांची शिस्तबद्ध तालीम ही निराळी गोष्ट आहे. ढोलकीच्या तोड्यावर उडणारी लावणी, तिच्या पायांतल्या चाळांचे वजन आणि समोरच्या माणसाशी तिचे थेट बोलणे ही निराळी गोष्ट आहे. हा दोन कलांमधला फरक झाला. एक उच्च आणि एक नीच, हे त्यातून निघत नाही. मग ते कोठून आले?

'अभिजात' या शब्दाचा मूळ अर्थ उत्तम कुळात जन्मलेला असा आहे. 'शास्त्रीय' म्हणजे शास्त्राने मान्य केलेला. पहिला शब्द जन्म विचारतो, दुसरा पोथी विचारतो. आम्हांला हे दोन्ही प्रश्न ओळखीचे आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आमच्या कॉलेजातही पेढे वाटले गेले, मीही खाल्ला. पण संगीत नाटक अकादमी ज्या आठ नृत्यांना शास्त्रीय मानते त्यांत महाराष्ट्रातले एकही नाही. भरतनाट्यम, कथक, कथकली, कुचिपुडी, मणिपुरी, मोहिनीआट्टम, ओडिसी, आणि २००० साली या यादीत आलेले आसामचे सत्रिय. म्हणजे यादी आकाशातून पडलेली नाही. ती माणसांनी, समित्यांत बसून केली आहे आणि माणसांनीच वाढवली आहे. लावणीला या यादीत घ्या अशी मागणी अधूनमधून होते. मला त्या मागणीत फारसा रस नाही. कारण यादीत जायचे तर आधी काय काय पुसून जावे लागते, हे भरतनाट्यमच्या इतिहासात स्वच्छ दिसते.

त्याआधी पोथीचे पाहू. भरताच्या नाट्यशास्त्राला पाचवा वेद म्हणण्याची प्रथा आहे. निवेदिकेनेही म्हटले. त्याच ग्रंथाच्या अखेरच्या भागात एक कथा आहे. भरताच्या पुत्रांनी ऋषींची नक्कल केली म्हणून ऋषींनी त्यांना शाप दिला की तुम्ही शूद्र व्हाल. म्हणजे ज्या ग्रंथाच्या आधारे ही कला पवित्र ठरवली जाते, तोच ग्रंथ ती करणाऱ्याची जात खालची का, याची सोय लावून ठेवतो. मनुस्मृतीनेही नटाचे अन्न त्याज्य ठरवले आहे. पाचवा वेद गाणाऱ्याच्या घरचे खायचे नाही, हा या व्यवस्थेचा जुना करार आहे. कला हवी, कलावंत ओसरीवर. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जे पुस्तक जाळले, त्यात हेही कलम होते, याची आठवण नृत्यावर बोलताना कोणी करीत नाही.

आता मराठी माणसाच्या अभिमानाचा भाग. तंजावरला १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. सरफोजी दुसरे यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आज अलारिपूपासून तिल्लानापर्यंत जो क्रम अरंगेत्रममध्ये दिसतो, त्याला घडवण्याचे श्रेय या चौघांकडे जाते. सरफोजींच्या नावावर 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस' या मराठी नृत्यरचनाही आहेत. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी या मराठी निरूपणांवर आयुष्य खर्च केले आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती मंचावर आणली. काम मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु आमच्या वर्तमानपत्री लेखनात त्याचे रूपांतर 'भरतनाट्यम मूळचे मराठीच' अशा फुशारकीत होते. राजाचे नाव घेतले जाते. त्या रचना ज्यांनी नाचल्या, त्या दरबारी आणि देवळातल्या स्त्रियांविषयी एक ओळ नसते. राजा मराठी निघाला की वारसा आपला. नाचणारी निघाली की तो तमिळांचा प्रश्न!

या नाचाचे जुने नाव सदिर. त्यालाच दासीआट्टम म्हणत. १९३० च्या दशकात त्याला भरतनाट्यम हे नाव रूढ झाले. नाव बदलणे ही साधी गोष्ट नव्हती. दासी हा शब्द गेला आणि भरतमुनी आले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे शिकून १९३५ साली मद्रासला थिऑसॉफिकल सोसायटीत नृत्य केले, १९३६ साली कलाक्षेत्र उभे केले. त्या ब्राह्मण घराण्यातल्या होत्या. त्यांच्या धाडसाला मी कमी लेखत नाही. त्या काळी त्या जातीतल्या बाईने हे करणे सोपे नव्हते. पण त्यांनी शृंगार कमी करून जो 'शुद्ध' नाच घडवला, त्या शुद्धीचा दुसरा अर्थ ज्यांच्या घरचा हा नाच होता त्या अशुद्ध, असा झाला. टी. बालसरस्वती या देवदासी परंपरेतल्या घराण्यातल्या, शतकातल्या थोर नर्तकी. १९८४ साली वारल्या. त्या आयुष्यभर सांगत राहिल्या की या नाचाला कोणी शुद्ध करण्याची गरज नाही, शृंगार हाच त्याचा प्राण आहे. त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांचे म्हणणे मात्र मान्य झाले नाही.

१९४७ साली मद्रास इलाख्यात देवदासी सोडण्यावर आणि देवळात स्त्रियांनी नाचण्यावर कायद्याने बंदी आली. त्यासाठी झगडलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची आई स्वतः देवदासी कुळातली होती. कायदा योग्यच होता. मुलीला देवाच्या नावाने बाजारात बसवण्याला माझ्याकडे कोणतीही सहानुभूती नाही. परंतु एकीकडून घराण्यातल्या बायका देवळातून बाहेर पडत होत्या आणि त्याच वर्षांत दुसरीकडून उच्चवर्णीय मुली तोच नाच घेऊन रंगमंचावर चढत होत्या. बंदी कलेवर आली नाही, ती कलावंतिणीवर आली. आज त्याच इसै वेल्लालर समाजातली नृत्या पिल्लै ही नर्तकी हे उघड बोलते, तेव्हा तिलाच कडवट ठरवले जाते.

महाराष्ट्रात हेच निराळ्या रीतीने घडले. पवळा भालेराव हिवरगावकर, महार समाजातली, तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली बाई समजली जाते. तिच्या जोडीला पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठऱ्याचे ब्राह्मण. साहित्याच्या इतिहासात बापूरावांच्या लावण्यांना पाने आहेत, पवळेला एक वाक्य आहे, आणि तेही बहुधा तिच्या रूपाविषयी. स्वातंत्र्य आले तेव्हा खेर मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर अश्लील म्हणून बंदी आली. ती उठावी म्हणून झटणाऱ्यांत डॉ. नामदेव व्हटकर होते, दलित लेखक आणि तमाशाचे अभ्यासक. बंदी उठली, पण अश्लीलतेचा शिक्का उठला नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव झाला आणि २००२ साली त्या हलाखीत गेल्या. खेळ चालू असताना त्या कनातीमागे बाळंत झाल्या आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत भाषणांतून गहिवरून सांगितली जाते. त्या बाईला लगेच परत उभे राहावे का लागले, प्रेक्षकांना थांबा म्हणण्याची तिची प्राज्ञा का नव्हती, हे कोणी विचारीत नाही. आता तिच्या नावाने सरकारी पुरस्कार आहे.

हे सगळे सवर्णांविषयी झाले. आमच्या चळवळीविषयी बोलल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी वाघ्या, मुरळी, जोगतिणी, देवदासी यांच्यापुढे भाषण केले आणि हा लाजिरवाणा धंदा सोडा असे बजावले. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली देणगी त्यांनी नाकारली, कारण ती महाराच्या मुली नाचवून मिळवलेली होती, अशीही हकीकत आपल्यात सांगितली जाते. आंबेडकरी जलशांनी तमाशाचे अंग घेतले, ढोलकी घेतली, सवाल-जवाब घेतले. बाईचा नाच घेतला नाही. भीमराव कर्डकांच्या आठवणी वाचताना हे लक्षात येते. त्या काळी हे बरोबरच होते. दौलतजादा उडवणाऱ्या पाटलापुढे नाचणाऱ्या बाईला कला सुधार असे सांगणे हा क्रूर विनोद ठरला असता. तिला आधी त्या बैठकीतून उठणे आवश्यक होते.

पण उठताना आपण एक गोष्ट मागे टाकली. नाच लाजेचा होता की नाचवणे लाजेचे होते, हे आपण वेगळे केले नाही. आपल्याकडे कवितेची समीक्षा झाली, आत्मकथनांची झाली, नाटकांची झाली. नृत्यावर लिहिणारे आपल्यात किती? किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आले, तेव्हा आपण त्यातले दुःख वाचले. त्या आईला येत असलेली विद्या कोणती, हे वाचले नाही. मैदान रिकामे राहिले आणि पडद्यावरच्या लावणीने ते भरले. शर्मिला रेगे यांनी लावणी-पोवाड्यावर लिहिले. शैलजा पाईक यांचे तमाशातल्या दलित स्त्रियांवरचे इंग्रजी पुस्तक २०२२ साली आले. पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या या अभ्यासक स्त्रीला २०२४ साली अमेरिकेची मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा आपल्या मंडळींनी अभिनंदनाचे फलक लावले. पुस्तक किती जणांनी वाचले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

आमच्या नव्या मुंबईत हा प्रश्न पुस्तकी नाही. वाशीच्या नाट्यगृहातून निघून महामार्गाने पनवेलकडे जा. २००५ साली याच रायगड जिल्ह्यातल्या डान्सबारवरून विधिमंडळात चर्चा झाली आणि पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बारमधला नाच बंद करण्यात आला. जिमखाने आणि तीन तारांकित व त्यावरची हॉटेले वगळण्यात आली. तोच नाच, तीच गाणी. जागा महाग असली की चालेल. २००६ साली उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, सरकारने पुन्हा कायदे केले, आणि २०१९ साली न्यायालयाने त्यांतल्या कित्येक अटी सैल केल्या. या काळात बारमधल्या मुलींच्या ज्या पाहण्या झाल्या त्यांत असे दिसले की पिढीजात नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतल्या मुली तिथे मोठ्या संख्येने होत्या. म्हणजे शास्त्राने ज्यांना नाचायला बसवले, सुधारणेने ज्यांना उठवले, त्यांच्याच नाती महामार्गावर पोहोचल्या.

त्या वेळी आपल्यात वाद झाला. काही स्त्री-संघटनांचे म्हणणे होते की हा मुलींच्या रोजगाराचा आणि निवडीचा प्रश्न आहे. आपल्यातल्या अनेक कार्यकर्त्या भगिनींना हे पटले नाही. जातीने लादलेल्या कामाला निवड म्हणायचे काय, असे त्यांनी विचारले. मी या भगिनींच्या बाजूची आहे. तथापि, बंदी हे उत्तर आहे असे मला वाटत नाही. बंदीने बाईची जागा बदलते, जात बदलत नाही. आणि एक गोष्ट मला सतत खटकते: सभ्य घरातली मुलगी वाशीत नाचते तेव्हा ती निवड असते, यावर कोणी वाद घालत नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी गुरूबाईंना भेटले. बाई मनाने मोठ्या, फी उशिरा आली तरी त्यांनी या मुलीला कधी घालवले नाही. मी म्हटले, निवेदनात देवदासींचा एक शब्द तरी हवा होता. त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "पालकांना आवडत नाही हो. मुलींना पाठवणारच नाहीत." मला वाटते त्या खरे बोलल्या. पालकांना दहावीचे वाढीव गुण हवे आहेत, विशारदचे प्रमाणपत्र हवे आहे, इतिहास नको आहे. या परीक्षांची चेष्टा करण्याचा मोह मला होतो, पण मी तो आवरते. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, त्या परंपरेतल्या मंडळाची वास्तू आज वाशीतच आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या आणि खुला फॉर्म नसता, तर घणसोलीची ही मुलगी कोणत्या गुरूच्या ओसरीवर चढली असती? मीही फॉर्म भरूनच इथवर आले. म्हणून माझी मागणी साधी आहे. जिथे नृत्याची लेखी परीक्षा आहे, तिथे ताल आणि मुद्रांबरोबर हेही विचारा की हा नाच १९३० च्या आधी कोण नाचत होते, त्यांचे पुढे काय झाले. आणि लोककला म्हणून वार्षिक संमेलनात आठ मिनिटे लावणी बसवून घेण्याऐवजी, ज्या वृद्ध बायकांना बैठकीची अदा येते त्यांना शिक्षक म्हणून, पगारावर, वर्गात आणा. त्यांच्या नातींनी ते शिकावे अशी सक्ती नको. नातींना अकाउंट्स शिकायचे असेल तर अकाउंट्स शिकू द्या. विद्या कोणाची होती हे मात्र लिहून ठेवा.

दुसऱ्या आठवड्यात मुलगी स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, हे आपलं नाही असं मामा म्हणतात. मी नाचू की सोडू?" माझ्या शेजारी आमच्या इतिहासाचे सर होते, चळवळीतला जुना माणूस. ते म्हणाले, "गाव सोडलं ते काय पुन्हा नाचायला?" मी तिला म्हटले, नाच. पण पुढच्या कार्यक्रमाचे निवेदन तू स्वतः लिही. सरांना हे आवडले नाही. आमचा वाद अजून चालू आहे, आणि सर या पानांवर उत्तर देतील तर बरे होईल.

तोवर मी एक वही केली आहे. जुन्नर, संगमनेर, नारायणगाव या बाजूंच्या फडांत नाचलेल्या आपल्या बायकांची नावे तीत लिहिते: नाव, गाव, फड कोणाचा, काय म्हणायची, काय नाचायची, पुढे काय झाले. ज्यांच्या घरी अशी कोणी होऊन गेली त्यांनी मला कळवावे; नाव छापू नका म्हटले तर छापणार नाही. आतापर्यंत अकरा जणी मिळाल्या. त्यांतल्या चौघींचे फक्त गाव कळले आहे. परवा आईने वही उघडून पाहिली, चष्मा लावून सगळी नावे वाचली, आणि एका नावाखाली गाव चुकले आहे एवढे सांगून बंद केली.